झिलोरी

"दोन मिनिटांचं काम आहे," असं भाईदास धुळ्यापासून तीनदा म्हणाला होता. एकदा पारोळ्याच्या अलीकडे, एकदा एरंडोलला चहा घेताना, आणि आता जळगावात शिरल्यावर, पुढच्या रिक्षाला हॉर्न देत. "अभयभाऊ कागद घेऊन येणार आहेत. तू, मी आणि कुंदा, तीन सह्या. मग भरीत खायचं आणि दिवस बुडायच्या आत घरी."

मंजुळाबाई मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसली होती. वाटेत वेचून झालेली कपाशी होती, थंडीचं पातळ ऊन होतं, आणि ती जागी होती की झोपेत हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. सून ताट वाढायची आणि सासू हातातला घास हातातच ठेवून भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टरने रक्त तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक निघालं. शहात्तराव्या वर्षी होतं असं, तो म्हणाला.

"माय, ऐकतेस ना?"

"ऐकस ना," ती म्हणाली आणि परत बाहेर बघू लागली.

भाईदासला वाटत होतं, तिला नानांची, त्याच्या वडिलांची, आठवण येते आहे. पुनमने ते सगळं उकरून काढलं तेव्हापासून.

पुनम ही त्याची मुलगी. नोकरीसाठी जळगावला कुंदाआत्याकडे राहायची आणि बियाण्यांच्या एका कंपनीसाठी जाहिराती लिहायची. पंधरा दिवसांपूर्वी तिने ऑफिसात बसून फोनमधल्या त्या एआयला विचारलं होतं, पाण्यावरून उठून भिंतीवर नाचणाऱ्या उजेडाला अहिराणीत काही शब्द आहे का? यंत्राने लगेच सांगितलं : झिलोरी. वर उदाहरणही दिलं, 'परातना पानीनी झिलोरी भितवर नाचस.' परातीतल्या पाण्याची झिलोरी भिंतीवर नाचते.

पुनमने घरी येऊन आजोबांचा कोश उघडला. पान दोनशे चौदा. शब्द तोच, अर्थ तोच, आणि वाक्यही तेच. काना-मात्रेचा फरक नाही.

तोताराम बोरसे गुरुजी, म्हणजे घरच्यांचे नाना, सोनगीरच्या शाळेत शिकवता शिकवता बावीस वर्षं गावोगाव हिंडले होते. सायकलच्या कॅरिअरला वही बांधून. अकरा हजार शब्दांचा तो अहिराणी कोश अभयकुमारांच्या प्रेसने एक्क्याण्णव साली छापला. नानांना जाऊन बारा वर्षं झाली होती, हक्क घरच्यांकडेच होते. कोणीतरी कधीतरी त्याची पानं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली, आणि हजारो पुस्तकांबरोबर तीही त्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरली गेली. विचारलं कोणी नाही. भाईदासच्या डोक्यात हीच गोष्ट घट्ट बसली होती. त्याचं ठिबकचं दुकान होतं. न विचारता कोणी नळीचा तुकडा उचलला तरी तो हटकायचा. इथे तर बापाची बावीस वर्षं उचलली होती.

*

कुंदाने गाडीचा आवाज ऐकला आणि हातातलं वांगं तसंच ठेवलं. बामणोदची वांगी सकाळीच कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली होती, सालं काढणं बाकी होतं. नवरा पाचोऱ्याला लग्नाला गेला होता. ते बरंच झालं, तिला वाटलं. आज घरात जितकी कमी माणसं तितकं बरं.

तिने अभयकुमारांकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा कालच मागवून घेतला होता. रात्री वाचला, सकाळी परत वाचला. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, ते तिच्या छातीवर बसलं होतं : 'सदर शब्द बोलीभाषेत प्रचलित नसून तो कै. तोताराम बोरसे यांनी स्वतः रचलेला आहे.'

आई जिना चढून आली तेव्हा कुंदाने तिचा हात धरला. हात गार होता.

"माय, बारीक झालीस."

"मी कवय जाडी व्हती?" मंजुळाबाई म्हणाली आणि थेट गॅलरीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून मेहरूणचा तलाव दिसायचा.

अभयकुमार एक वाजता आले. अडुसष्ट वर्षांचे, पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. मंजुळाबाईसमोर वाकून "कशा आहात अक्का?" म्हणाले आणि नानांच्या फोटोकडे बघून हात जोडले. त्यांना वांगं चालत नाही, म्हणून कुंदाने मुगाची डाळ वेगळी केली होती. ते जेवताना कागदांबद्दल बोलले नाहीत. वडिलांची शिस्त होती ती, ताटावर धंदा काढायचा नाही. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून फाईल काढली.

"मी सरळ सांगतो," ते म्हणाले. "लेखक-प्रकाशकांची एक संघटना कोर्टात गेली आहे. मराठीतली बरीच पुस्तकं यादीत आहेत. कंपनीचं म्हणणं असं, की शब्दावर कोणाची मालकी नसते. लोक बोलतात तो शब्द आम्ही कुठूनही शिकलो असू, तुमच्याच पुस्तकातून कशावरून? म्हणून वकीलबाईंना असा शब्द हवा होता जो लोकांच्या तोंडात नव्हताच. फक्त एका पुस्तकात होता. त्यांनी दुसरे कोश बघितले, बारा गावांत माणसं पाठवून विचारलं. झिलोरी कोणाला माहीत नाही. तो फक्त नानांच्या कोशात आहे."

"मग झालं तर," भाईदास म्हणाला. "सापडला चोर. कुठे सही करायची?"

"नाना शब्द रचत नव्हते," कुंदा म्हणाली. "नाना शब्द गोळा करत होते."

"रचला असेल एखादा. काय बिघडलं?"

"भाऊ, तो कोश आहे, गोष्टीचं पुस्तक नाही. एक शब्द घरी बनवलेला निघाला, की लोक उरलेल्या सगळ्या शब्दांकडे बोट दाखवतील. उद्या कोणीही म्हणेल, गुरुजींनी काय, मनानेच लिहिलं असेल. नानांनी त्या वहीसाठी किती ऊन अंगावर घेतलं, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच मी सही करतोय!"

पुनम भांडी आवरता आवरता दारात थांबली. ती आत्याच्या बाजूने बोलायला आली होती. "पण बाबा, शब्द लोकांच्या तोंडात होता ना. आत्याने लिहिलंय की. तिच्या लेखात आहे, तापीकाठच्या बायका अजूनही बोलतात म्हणून. आत्या, तू ऐकला होतास ना?"

सगळ्यांनी कुंदाकडे बघितलं.

नऊ वर्षांपूर्वी तिने एका नियतकालिकात झिलोरीवर लेख लिहिला होता. शब्दाची व्युत्पत्ती लावली होती, उत्तरेकडच्या भाषांतले धागे जोडले होते. लेख गाजला, पुढे विद्यार्थ्यांच्या पुस्तकात लागला, आणि कॉलेजात कुंदाबाई म्हणजे झिलोरीवाल्या बाई असं झालं. तो लेख लिहिताना ती तापीकाठच्या दोन गावांत गेली होती. कोणालाच शब्द माहीत नव्हता. एका म्हाताऱ्या बाईने तिच्या आग्रहाखातर मान हलवली होती, "व्हई बाई, बोलत व्हतीन कोनी." त्या मानेच्या हलण्यावर तिने ते वाक्य लिहून टाकलं. नानांचा शब्द आहे, म्हणजे कुठेतरी असणारच, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

"ऐकला होता," कुंदा म्हणाली.

"कोणाकडून?" अभयकुमारांनी चष्मा काढला. "गाव, नाव काही? कुंदाताई, मी उलटतपासणी करत नाही. पण तसं असेल तर हे प्रतिज्ञापत्र खोटं ठरेल. मग आपण हा कागद इथेच फाडू."

"नाव आठवत नाही."

"नाव नाही, गाव नाही," भाईदास उसळला. "तुझ्या एका लेखासाठी तू नानांवरचा अन्याय गिळायला निघालीस!"

"आणि तू नानांना खोटं पाडायला निघालास. न वाचता. तो कोश तू कधी उघडलास तरी का?"

हे लागलं. भाईदासने तो खरंच उघडला नव्हता. सोनगीरच्या घरात नानांच्या वह्यांना हात लावायचा नाही, हे तो पहिल्यांदा शिकला होता, आणि मग आयुष्यभर त्याने तो नियम पाळला होता.

अभयकुमार फाईलवर हात ठेवून बसले. त्यांना आपला प्रेस दिसत होता, शाईचा वास, आणि दारात उभे असलेले गुरुजी. "एक गोष्ट मला आठवते," ते हळू म्हणाले. "पान दोनशे चौदाचं प्रूफ नानांनी चार वेळा परत पाठवलं होतं. बाकीची पानं एकदा, फार तर दोनदा. या पानावर बाकी काही चूक नसायची. फक्त झिलोरी. कधी म्हणायचे, जागा थोडी जास्त सोडा. कधी म्हणायचे, वाक्य बदललंय. खिळे जुळवणारा आमचा जुळारी वैतागला. मी विचारलं, गुरुजी, या एका शब्दाचं काय एवढं? ते म्हणाले, हा नीट छापला पाहिजे. बस. पुढे काही बोलले नाहीत."

मंजुळाबाईची खुर्ची रिकामी होती. ती कधी उठून गॅलरीत गेली, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

तलावावर उन्हाचा चुरा पडला होता. वारा जवळजवळ नव्हता. पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी पाण्यात सोडल्या होत्या, त्या हलायच्या तेव्हा तेवढ्यापुरतं पाणी जागं व्हायचं आणि पुन्हा मिटायचं. पुनम आजीशेजारी कठड्याला टेकून उभी राहिली.

"मोठी माय, आत ये ना. गार आहे इथे."

"तुना फोन शे ना जवय? त्याले बोलाव."

"कोणाला?"

"जो बोलस त्याले."

पुनमला आधी कळलं नाही. मग तिने फोन काढला आणि आवाज मोठा केला. "विचार," ती म्हणाली.

मंजुळाबाईने पदर सावरला, एखाद्या मोठ्या घरच्या बाईशी बोलावं तसा. "झिलोरी म्हंजे काय व बाई?"

फोनमधून बाईचा आवाज आला. नीट, शांत, कुठल्याच गावचा नसलेला. "झिलोरी म्हणजे पाण्यावरून परावर्तित होऊन भिंतीवर किंवा छतावर हलणारा उजेड. उदाहरणार्थ, परातना पानीनी झिलोरी भितवर नाचस."

मंजुळाबाईने डोळे मिटले. तो शब्द तिने पुस्तकात वाचला होता, पंधरा दिवस त्यावरचे वाद ऐकले होते, पण नाचणाऱ्या उजेडाचं नाव म्हणून कोणी सहज उच्चारलेला ऐकून एक्कावन्न वर्षं झाली होती. तिला वाटलं, आता मागोमाग हसूही ऐकू येईल. आलं नाही.

"आनि कोना शब्द शे हाऊ? इचार त्याले."

पुनमने नीट मराठीत विचारलं, हा शब्द कोणाचा आहे?

"हा अहिराणी बोलीतला पारंपरिक शब्द आहे," आवाज म्हणाला. "तापीकाठच्या स्त्रियांच्या बोलण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि आजही ऐकू येतो."

गॅलरीच्या दारात कुंदा उभी होती. आईला आत न्यायला म्हणून आली होती. ते वाक्य तिचं होतं. 'आजही ऐकू येतो' हे शब्द तिने आपल्या हाताने लिहिले होते, आणि आता एक परका आवाज ते तिच्या आईला सांगत होता, पूर्ण खात्रीने. नानांचा शब्द जिथे गेला होता तिथेच तिचा खोटेपणाही गेला होता. दोन्ही सारख्याच मानाने बोलले जात होते.

"नही," मंजुळाबाई फोनकडे बघत म्हणाली. "पिढ्या नही. आठ दिन."

"काय आठ दिवस, माय?" कुंदाने विचारलं.

"आठ दिन व्हता तो शब्द."

मग ती बोलू लागली. मोठ्याने नाही. भाईदास आणि अभयकुमार आतून येऊन दाराशी उभे राहिले, तरी तिने मान वळवली नाही. ती तलावाशीच बोलत असावी.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. सोनगीरला किल्ल्याच्या दगडातून वाफ निघावी असं ऊन. भाईदास तीन वर्षांचा होता, त्याला मामाकडे पाठवलं होतं, कारण थोरल्या मुलीला ताप भरला होता. सहा वर्षांची पोर. तांबटाकडून घेतलेली नवी पितळी परात मंजुळाबाईने दाराशी पाण्याने भरून ठेवली होती, फडकी बुडवायला. सकाळी ऊन दारातून आत आलं की परातीतल्या पाण्यावर पडायचं आणि आढ्याला उजेडाची जाळी हलायची. पोर खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, हे काय? मंजुळाबाई म्हणाली, माले नही माहीत बाई, उजाये शे. पोर म्हणाली, नाही, ही झिलोरी आहे.

कुठून आणला तो शब्द, देव जाणे. तापात मुलं बोलतात काहीही. पण मग ती रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, "झिलोरी उनी का, माय?" आली म्हटलं की हसायची. नाना शाळेत जाण्याआधी परात थोडी सरकवून द्यायचे, म्हणजे उजेड नेमका खाटेवरच्या आढ्याला जाईल. सातव्या दिवशी पोर परातीकडे बघून खूप बोलली. आठव्या दिवशी तिने विचारलं नाही.

"त्यानंतर त्यासनी तो शब्द काढा नही," मंजुळाबाई म्हणाली. "मी बी काढा नही. घरमा कोनीच नही."

एक्क्याण्णवला कोश छापून आला तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. नानांनी पहिली प्रत तिच्या हातात दिली, तिने कपाळाला लावली आणि फळीवर ठेवली. पुढच्या वर्षी गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. नाना शिकवायला होते, ती शिकायला बसली. त्रेचाळिसाव्या वर्षी अक्षरं आली, तशी ती रोज दुपारी कोशावर बोट ठेवून एकेक शब्द लावू लागली. अ संपायला महिना लागला. झ पर्यंत यायला दुसरा उन्हाळा उजाडला. एका दुपारी बोट त्या शब्दावर आलं. तिने तो तीनदा वाचला. तिला वाटलं, आपल्याला अजून नीट वाचता येत नसेल.

"नाना संध्याकाळी घरी आले तेव्हा?" पुनमने विचारलं.

"भाकरी वाढी. त्यासनी मन्हा तोंडकडे देखं. त्यासले समजनं. दुसरा दिन सकायले त्यासनी परात काढी, पानी भरीसन दारमा ठेई. आम्ही दोन्ही देखत बठनूत. बोलनूत नही."

भाईदासने दाराची चौकट धरली होती. मामाकडचं त्याला काही आठवत नव्हतं. घरी परत आल्यावर घर मोठं वाटलं होतं, एवढंच कुठेतरी तळाशी होतं. त्याने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

*

आत येऊन बसल्यावर पहिल्यांदा कुंदा बोलली.

"अभयभाऊ, मी तो शब्द कोणाकडूनच ऐकला नव्हता. लेखातलं ते वाक्य खोटं आहे. मी संपादकांना तसं पत्र लिहीन, कॉलेजातही सांगेन. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. फक्त नानांनी रचला असं लिहू नका. माय म्हणाली तसं लिहा. सगळं."

"नको," भाईदास म्हणाला.

त्याने फाईलवर हात ठेवला.

"नको म्हणतो मी. तो मसुदा परत न्या. कोर्टात कोणी कोट घातलेला माणूस आमच्या बहिणीचा ताप वाचून दाखवणार? म्हणणार, पुरावा काय? डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, परात दाखवा? मायला उभं करून विचारणार, बाई, तुम्हाला नक्की आठवतं का?" त्याचे डोळे लाल झाले होते. "त्यांनी शब्द घेतला तर घेतला. ती राहू द्या घरात."

"भाऊ, तासाभरापूर्वी तू मला म्हणत होतास, अन्याय गिळतेस म्हणून."

"तासाभरापूर्वी मला माहीत नव्हतं कुंदा!"

अभयकुमारांनी वकीलबाईंना फोन लावला आणि बाजूच्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही. खटला वर्षानुवर्षं चालेल. शेवटी हाती काही लागेल याची खात्री नाही. मात्र शब्द गावच्या बोलीतून नव्हे, एका घरातून आला आणि नानांच्या कोशाखेरीज कुठे छापला गेला नाही, हे शपथेवर सांगणारं कोणी असेल तर पुस्तक वापरलं गेलं हे दाखवायला ते पुरेसं बळकट आहे. अर्थ आणि वाक्य नानांनी लिहिलेलं, तो हक्क घरच्यांचा. "पण शपथ त्यानेच घ्यायची, ज्याने तो शब्द स्वतः ऐकला," ते म्हणाले. "म्हणजे एकट्या अक्कांनी. आणि भाईदास म्हणतो ते खरं आहे. प्रश्न विचारतील. अक्का, तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता हा कागद पिशवीत टाकतो. नानांची शपथ, मला वाईट वाटणार नाही."

मंजुळाबाईने चहाची बशी खाली ठेवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिने पूर्ण चहा घेतला होता.

"भाईदास, हाई देख," ती म्हणाली. "ती बाई झिलोरी बोलनी ना, माले राग नही उना. बरं वाटनं. कोनीतरी बोलनं. तुन्हा बापनी बी तेन्हाकरताच छापा व्हता, कोनीतरी बोलाले पाहिजे म्हनीसन. पन ती म्हननी, पिढ्यापासून शे. बठ्ठासना शे. आते मन्ही पोर कोठे गयी मंग?"

बठ्ठासना. सगळ्यांचा. भाईदास तो शब्द पुटपुटला.

"बोलू दे त्यासले. इचारीसन बोलू दे. आनि तिन्हा शब्द शे, हाई बी सांगू दे. माले इचारतीन तर मी सांगसू. माले आठवस. एवढंच तर आठवस माले."

भाईदासने मान खाली घातली. मग उठून पाण्याचा तांब्या आणला आणि आईजवळ खाली बसला.

कुंदाने कोरा कागद घेतला. टाइप उद्या करू, आधी हाताने लिहू, असं ठरलं. मंजुळाबाई सांगत गेली आणि कुंदा तिचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवत गेली. दोनदा तिने आईचंच वाक्य तसंच राहू दिलं. उन्हाळा, ताप, परात, आठ दिवस. अभयकुमार मधे मधे एखादी तारीख विचारायचे. दुपार कलली होती, भिंतीवरचं ऊन नानांच्या फोटोपर्यंत चढलं होतं, आणि खोलीत पेनाच्या आवाजाखेरीज काही नव्हतं. पुनमला वाटलं, आपण सगळे कोणाच्या तरी उशाशी बसलो आहोत.

"'माझी मुलगी'," कुंदाने लिहिता लिहिता म्हटलं आणि पेन थांबलं. "माय, इथे पूर्ण नाव लागेल."

कुंदाला नाव माहीत नव्हतं. भाईदासलाही नव्हतं. घरात कधी काळी उल्लेख झालाच तर तो 'पहिली' असा व्हायचा, पहिली गेली त्या साली विहीर आटली, पहिलीच्या वेळी घर कौलारू होतं. लहानपणी दोघांना वाटायचं, 'पहिली' हे कुठल्या तरी वर्षाचंच नाव आहे. पुढे कळलं तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग विचारायचं राहूनच गेलं. फोटो नव्हता. शाळेत नाव घालायचं होतं ते पाऊस सुरू झाल्यावर.

कुंदाने पेन तसंच धरून आईकडे बघितलं. मंजुळाबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिने हात पुढे केला.

"दे इकडे."

कागद तिच्या मांडीवर ठेवला, खाली कोशच आधाराला दिला. तिने पेन घट्ट धरलं. तिला लिहिता येऊ लागलं तोवर हे नाव कुठे लिहायची गरज उरली नव्हती. ते तिने कधी गिरवलं नव्हतं. आधी शे काढला. मात्रा थोडी लांब गेली. मग व, मग ता. वर रेघ ओढली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग जपून, पेनाचं टोक जेमतेम टेकवत, अनुस्वार दिला.

भाईदास तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. "शेवंता," तो म्हणाला. मग पुढचं स्वतःच जोडून, सगळं एकदा मोठ्याने : "शेवंता तोताराम बोरसे."

"हा," मंजुळाबाई म्हणाली. हे एवढं बोलताना तिचं तोंड मोकळं झालं. "शेवंता."

अभयकुमारांनी मसुद्याचं शेवटचं पान पुढे सरकवलं. शपथ एकट्या अक्कांची असली तरी पुस्तकाचा हक्क वारसांचा, म्हणून तिथे तिघांच्या सह्यांची जागा होती. भाईदासने खिशातून आपलं पेन काढलं. त्याच्या नावापुढे कंसात छापलं होतं, ज्येष्ठ अपत्य. चोपन्न वर्षं तो तेच होता. त्याच नात्याने त्याने नानांना अग्नी दिला होता, घर चालवलं होतं, कुंदाशी भांडला होता.

त्याने 'ज्येष्ठ' हा शब्द एका रेघेने खोडला, त्याच्यावर बारीक अक्षरात 'द्वितीय' लिहिलं, आणि मग सही केली.